ट्रिग्वे ली

ट्रिग्वे हाल्वदान ली (जन्म : ख्रिस्तियानिया (सध्याचे ओस्लो), नॉर्वे, १६ जुलै १८९६, मृत्यू : गेइलो, नॉर्वे, ३० डिसेंबर १९६८) हे नॉर्वेचे विधिज्ञ, कामगार चळवळीतील कार्यकर्ते, मजूर पक्षाचे नेते आणि संयुक्त राष्ट्रांचे पहिले सरचिटणीस होते. नॉर्वेच्या मंत्रिमंडळात त्यांनी न्याय, व्यापार, पुरवठा, परराष्ट्र व्यवहार आणि उद्योग अशी निरनिराळी खाती सांभाळली. १९४६ ते १९५३ या काळात ते सरचिटणीसपदावर होते. सनदेत मोजक्या ओळींत वर्णिलेल्या या पदाला राजकीय वजन प्राप्त करून देण्याचे श्रेय त्यांच्या कायदेशीर युक्तिवादांकडे जाते. मात्र बलाढ्य राष्ट्रांच्या दडपणापुढे कायद्याचा आधार सैल सोडल्याचा आरोपही त्यांच्यावर दोन वेळा झाला. पहिल्या वेळी ते नॉर्वेचे न्यायमंत्री होते, दुसऱ्या वेळी संयुक्त राष्ट्रांचे प्रमुख.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

ली यांचे वडील मार्टिन ली हे सुतारकाम करीत. १९०२ मध्ये ते अमेरिकेला निघून गेले आणि कुटुंबाशी त्यांचा संबंध तुटला. त्या वेळी ट्रिग्वे सहा वर्षांचे होते. आई हुल्डा यांनी शहराच्या सीमेवरील ग्रोरुड येथे खाणावळ व निवासगृह चालवून मुलांना वाढवले. ग्रोरुड ही दगडखाणींतील व कारखान्यांतील कामगारांची वस्ती होती. तेथील वातावरणात ली पंधराव्या-सोळाव्या वर्षीच मजूर पक्षाच्या युवक शाखेत सामील झाले. पक्षाच्या कार्यालयात काम करीत त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १९१९ मध्ये ख्रिस्तियानिया विद्यापीठाची विधी पदवी मिळवली. १९२१ मध्ये त्यांचा विवाह योर्दिस योर्गेनसेन यांच्याशी झाला. या दांपत्याला तीन मुली झाल्या.

नॉर्वेचा मजूर पक्ष त्या काळात काही वर्षे मॉस्कोप्रणीत कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य होता. पक्षाच्या शिष्टमंडळासोबत ली १९२१ मध्ये रशियाला गेले व तेथे त्यांनी लेनिनची भेट घेतली. १९२३ मध्ये पक्षाने त्या संघटनेशी फारकत घेतली. ली यांचा पिंड क्रांतिकारकाचा नव्हताच. करार, तडजोड, लवाद आणि न्यायालय हे त्यांचे क्षेत्र होते.

१९२२ पासून १९३५ पर्यंत ते देशातील कामगार संघटनांच्या मध्यवर्ती मंडळाचे कायदा सल्लागार होते. हा काळ नॉर्वेच्या उद्योगांत संप आणि टाळेबंदी यांचा होता. १९३१ च्या प्रदीर्घ टाळेबंदीने तर सारा देश हादरला. सामूहिक वेतनकरारातील एका शब्दाच्या अर्थावर हजारो कामगारांचे वेतन अवलंबून असे आणि तो अर्थ लावून देण्याचे काम ली यांच्याकडे होते. नियमाच्या मजकुरातून आपल्या पक्षाला अनुकूल असा अधिकार शोधून काढण्याची जी हातोटी पुढे न्यूयॉर्कमध्ये दिसली, ती या तेरा वर्षांत घडली असे म्हणता येईल.

न्यायमंत्री आणि ट्रॉट्स्की प्रकरण

मार्च १९३५ मध्ये योहान नीगार्सव्होल यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्षाचे सरकार आले व ली न्यायमंत्री झाले. १९३७ पासून ते आकेर्शहुस मतदारसंघातर्फे स्टॉर्टिंगचे, म्हणजे नॉर्वेच्या संसदेचे, सदस्यही होते.

मंत्रिपद हाती आल्यावर काही महिन्यांतच रशियन राज्यक्रांतीचा पदच्युत नेता लिऑन ट्रॉट्स्की याने नॉर्वेत आश्रय मागितला. सरकारने राजकारणापासून दूर राहण्याच्या अटीवर तो दिला. जून १९३५ मध्ये ट्रॉट्स्की व त्याची पत्नी नतालिया नॉर्वेत आले आणि हेनेफॉस गावाजवळ कोनराड क्नुडसेन या मजूर पक्षाच्या पत्रकाराच्या घरी राहू लागले. वर्षभर सारे सुरळीत चालले. ऑगस्ट १९३६ मध्ये मात्र दोन घटना एकापाठोपाठ घडल्या. व्हिडकुन क्विसलिंगच्या फॅसिस्ट पक्षाच्या काही तरुणांनी त्या घरात घुसून कागदपत्रे पळवली. त्याच महिन्यात मॉस्कोतील पहिल्या जाहीर खटल्यात ट्रॉट्स्कीवर स्टालिनच्या हत्येचा कट रचल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्यापाठोपाठ सोव्हिएत राजदूताने ट्रॉट्स्कीला देशाबाहेर काढण्याची मागणी केली. नॉर्वेची मासळी सोव्हिएत बाजारात जात असे, तेव्हा या मागणीमागील व्यापारी धमकी कोणाच्याही लक्षात येण्याजोगी होती. शिवाय ऑक्टोबरमध्ये संसदेची निवडणूक होती.

ली यांच्या खात्याने ट्रॉट्स्कीपुढे नव्या अटी ठेवल्या. त्यानुसार देशोदेशींच्या राजकारणावर लिहिण्याचा हक्क त्याला सोडावा लागणार होता, आणि पत्रव्यवहारही सरकारी तपासणीतून जाणार होता. ट्रॉट्स्कीने सही नाकारली. प्रचलित कायद्यात अशा माणसाला न्यायालयाच्या आदेशाविना डांबून ठेवण्याची तरतूद नव्हती. तेव्हा ३१ ऑगस्ट १९३६ रोजी तसा अधिकार देणारा वटहुकूम काढण्यात आला आणि ट्रॉट्स्की दांपत्याला हुरुम येथील सुंडबी या ठिकाणी पोलीस पहाऱ्यात स्थानबद्ध करण्यात आले. एका व्यक्तीला डोळ्यांसमोर ठेवून काढलेला हा वटहुकूम होता. न्यायमंत्री स्वतः विधिज्ञ असल्याने त्याचे स्वरूप त्यांना कळले नाही असे मानणे कठीण आहे. देशात व देशाबाहेर, विशेषतः डाव्या विचारवंतांमध्ये, त्यावर कडक टीका झाली. स्थानबद्धतेत ली भेटीस आले असता ट्रॉट्स्कीने इब्सेनच्या ‘लोकशत्रू’ या अर्थाच्या नाटकातील डॉक्टर स्टॉकमनची आठवण करून दिली, आणि काही वर्षांत तुम्ही सारे मंत्रीच निर्वासित व्हाल असे बजावले, अशी हकिकत आयझॅक डॉइचर यांच्या ट्रॉट्स्कीचरित्रात आली आहे. १९ डिसेंबर १९३६ रोजी ‘रूथ’ या तेलवाहू जहाजातून ट्रॉट्स्कीला मेक्सिकोकडे रवाना करण्यात आले. १९४० च्या ऑगस्टमध्ये तेथे त्याची हत्या झाली.

ली यांचे समर्थक असे म्हणत की, दुसरा कोणताही देश ट्रॉट्स्कीला घेण्यास तयार नव्हता आणि सोव्हिएत संघाच्या हाती न देता त्याला सुरक्षित बाहेर पाठवणे हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग होता. या बचावात तथ्य आहे, पण त्यातून वटहुकुमाचे समर्थन होत नाही.

युद्धकाळ

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले. ली त्या वेळी पुरवठामंत्री होते. नॉर्वेचे व्यापारी नौदल जगातील सर्वांत मोठ्या चार नौदलांपैकी एक होते आणि त्यातील बहुतेक जहाजे त्या क्षणी जगभरच्या समुद्रांवर विखुरलेली होती. जर्मनांच्या ताब्यातील ओस्लोहून जहाजांना मायदेशी किंवा तटस्थ बंदरांत जाण्याचे आदेश सुटत होते. उलट, मित्रराष्ट्रांच्या बंदरांत जावे असा आदेश पळतीवर असलेल्या सरकारकडून निघाला आणि तो काढण्यात ली यांचा पुढाकार होता. नंतर वटहुकमाने ही जहाजे सरकारने ताब्यात घेतली आणि लंडन व न्यूयॉर्क येथून त्यांचा कारभार पाहण्यासाठी ‘नॉर्ट्राशिप’ ही यंत्रणा उभी राहिली. हजाराहून अधिक जहाजांचा हा ताफा, विशेषतः त्यातील तेलवाहू जहाजे, ब्रिटनच्या तगून राहण्याला मोलाची ठरली. चार वर्षांपूर्वी ज्या प्रकारच्या वटहुकमाने ली यांना बट्टा लागला, त्याच प्रकारच्या साधनाने या वेळी देशाचे मोठे हित साधले.

७ जून १९४० रोजी राजे सातवे हाकोन आणि मंत्रिमंडळ ‘डेव्हनशायर’ या ब्रिटिश युद्धनौकेवरून ट्रोम्सो बंदर सोडून इंग्लंडला गेले. ट्रॉट्स्कीचे भाकीत असे खरे ठरले. लंडनमधील परागंदा सरकारात हाल्वदान कूट यांच्या जागी ली परराष्ट्रमंत्री झाले. प्रथम ते हंगामी होते, फेब्रुवारी १९४१ पासून पूर्णवेळ. कूट हे इतिहासकार आणि तटस्थतेचे पुरस्कर्ते होते. ली यांनी ते धोरण सोडले आणि ब्रिटन-अमेरिकेशी निकटचे संबंध जोडले. नोव्हेंबर १९४४ मध्ये ते मॉस्कोला गेले तेव्हा सोव्हिएत सैन्य नुकतेच नॉर्वेच्या उत्तर टोकाला किर्केनेस येथे पोहोचले होते. मोलोटोव्ह यांनी मध्यरात्री त्यांना बोलावून स्वालबार द्वीपसमूहाविषयीचा करार बदलण्याची व बेअर बेटाची मागणी पुढे केली. ली यांनी थेट नकार न देता वाटाघाटी लांबवल्या. पुढे ही मागणी मागे पडली.

सरचिटणीसपदी निवड

१९४५ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत ली यांनी नॉर्वेच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व केले. सुरक्षा परिषदेसंबंधीची कलमे तयार करणाऱ्या आयोगाचे ते अध्यक्ष होते. जानेवारी १९४६ मध्ये लंडनला आमसभेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षपदासाठी सोव्हिएत संघाने ली यांचे नाव सुचवले, पण बेल्जियमचे पॉल-आंरी स्पाक २८ विरुद्ध २३ मतांनी निवडून आले. सरचिटणीसपदासाठी अमेरिकेची पसंती कॅनडाच्या लेस्टर पिअर्सन यांना होती, तर सोव्हिएत संघाची युगोस्लाव्हियाच्या स्टानोये सिमिच यांना. दोघांपैकी कोणीही एकमेकांना मान्य होईना, तेव्हा अध्यक्षपद हुकलेल्या ली यांच्या नावावर एकमत झाले. १ फेब्रुवारी १९४६ रोजी आमसभेने ४६ विरुद्ध ३ मतांनी त्यांची निवड केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी शपथ घेतली. मुदत पाच वर्षांची होती.

सनदेच्या ९७ व्या कलमात सरचिटणीसाला संघटनेचा मुख्य प्रशासकीय अधिकारी म्हटले आहे. ९९ व्या कलमात, जागतिक शांततेला धोका आणील अशी कोणतीही बाब सुरक्षा परिषदेच्या निदर्शनास आणण्याची मुभा त्याला दिली आहे. या दोन कलमांमधील अंतरातच या पदाचे सारे राजकारण सामावलेले आहे.

त्याची पहिली कसोटी इराणच्या प्रश्नात लागली. उत्तर इराणमधून सोव्हिएत फौजा हलत नाहीत अशी तक्रार परिषदेपुढे होती. एप्रिल १९४६ मध्ये सोव्हिएत संघाने माघारीचे आश्वासन दिल्यावर इराणने तक्रार परत घेतली, तरी अमेरिकेला विषय कार्यसूचीवर ठेवायचा होता. १६ एप्रिल रोजी ली यांनी कोणी विचारले नसताना परिषदेला एक कायदेशीर टिपण सादर केले. तक्रारदारच मागे हटल्यावर आणि परिषदेने स्वतंत्र चौकशीचा निर्णय घेतलेला नसताना विषय कार्यसूचीवर राहू शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. परिषदेने ते मान्य केले नाही. तथापि, सरचिटणीसाला परिषदेत मत मांडण्याचा अधिकार आहे काय, हा मूळ प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला आणि जूनमध्ये परिषदेच्या कामकाजाच्या नियमांत तो अधिकार स्पष्टपणे लिहिला गेला. वाद हरला, पण अधिकार मिळाला. पुढील प्रत्येक सरचिटणीस त्याच नियमाच्या आधारे परिषदेपुढे बोलत आला आहे. ग्रीसच्या सीमेच्या प्रश्नावरही त्यांनी गरज पडल्यास स्वतः चौकशी करण्याचा आपला हक्क नोंदवून ठेवला.

न्यूयॉर्कमधील मुख्यालय ही त्यांच्या कारकिर्दीची दृश्य खूण होय. आरंभी कार्यालय ब्राँक्समधील एका महाविद्यालयात व नंतर लेक सक्सेस येथील एका कारखान्याच्या इमारतीत होते. डिसेंबर १९४६ मध्ये जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी ईस्ट नदीकाठची जमीन घेण्यासाठी ८५ लाख डॉलर देऊ केले. कत्तलखान्यांनी व्यापलेला हा भाग होता. बांधकामासाठी अमेरिकन सरकारने साडेसहा कोटी डॉलरचे बिनव्याजी कर्ज दिले. पुढे चंदीगडची आखणी करणारे ल कोर्बुझिए या इमारतीच्या आराखडा मंडळात होते. सुरक्षा परिषदेच्या दालनाची रचना मात्र ली यांचे देशबांधव आर्नस्टाइन आर्नेबेर्ग यांची आहे.

पॅलेस्टाइन, भारत व चीन

नोव्हेंबर १९४७ च्या पॅलेस्टाइन फाळणीच्या ठरावाचे ली खंदे समर्थक होते. मार्च १९४८ मध्ये अमेरिका त्यापासून मागे हटू लागली तेव्हा त्यांनी निषेध म्हणून राजीनामा देण्याचा विचार बोलून दाखवला होता. अरब राष्ट्रांना त्यांची भूमिका पक्षपाती वाटली. संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट फोल्के बर्नाडोट यांची १७ सप्टेंबर १९४८ रोजी जेरुसलेममध्ये हत्या झाली. (मराठवाड्यात हाच दिवस हैदराबाद संस्थानाच्या शरणागतीमुळे मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. निजाम सरकारने भारताविरुद्ध केलेली तक्रार आदल्याच दिवशी सुरक्षा परिषदेत चर्चेला आली होती.) संघटनेचे स्वतःचे एक लहान रक्षकदल असावे, अशी सूचना ली यांनी त्या वर्षी जूनमध्ये हार्वर्ड विद्यापीठातील भाषणात केली होती. मोठ्या राष्ट्रांनी ती फेटाळली.

भारताशी संबंधित अनेक प्रश्न त्यांच्या कार्यकाळातच संयुक्त राष्ट्रांपुढे आले. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या वागणुकीविषयीची तक्रार स्वातंत्र्यापूर्वीच, जून १९४६ मध्ये, भारत सरकारने सरचिटणीसांकडे पाठवली होती. त्या वर्षीच्या अधिवेशनात विजयालक्ष्मी पंडित यांनी ती मांडली. १ जानेवारी १९४८ रोजी काश्मीरची तक्रार दाखल झाली. उपखंडात आलेल्या आयोगासोबत ली यांचे व्यक्तिगत प्रतिनिधी म्हणून नॉर्वेचेच मुत्सद्दी एरिक कोलबान होते.

चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आल्यावर चीनच्या जागेवर कोणी बसावे हा वाद पेटला. राष्ट्रवादी चीनला हटवण्याचा प्रस्ताव फेटाळला गेल्याने जानेवारी १९५० मध्ये सोव्हिएत प्रतिनिधी सुरक्षा परिषदेतून उठून गेले. ली यांनी मार्चमध्ये पुन्हा एक कायदेशीर टिपण प्रसिद्ध केले. एखाद्या सरकारला मान्यता देणे ही प्रत्येक राष्ट्राची खासगी बाब आहे, परंतु संघटनेत प्रतिनिधित्व कोणाला मिळावे हे प्रदेशावर प्रत्यक्ष सत्ता कोणाची यावर ठरावे, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेत त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यानंतर वीस वर्षांच्या शांतता कार्यक्रमाचा मसुदा घेऊन ते वॉशिंग्टन, लंडन, पॅरिस व मॉस्को येथे गेले. १५ मे रोजी त्यांनी स्टालिनची भेट घेतली. सहा आठवड्यांत या साऱ्यावर पाणी पडले.

कोरिया आणि पदाची मुदतवाढ

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाचे सैन्य ३८ व्या अक्षांशापलीकडे घुसले. ली यांना ही वार्ता न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्री घरी दूरध्वनीवर कळली. दुसऱ्या दिवशी दुपारी परिषदेत त्यांनीच पहिले भाषण करून हे सनदेचे उल्लंघन असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले. त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपद भारताचे प्रतिनिधी सर बेनेगल नरसिंह राव यांच्याकडे होते. भारतीय राज्यघटनेचे सल्लागार म्हणून ते सुपरिचित आहेत. सोव्हिएत संघ गैरहजर असल्याने नकाराधिकार वापरला गेला नाही आणि आक्रमण थांबवण्याचा ठराव ९ विरुद्ध ० असा संमत झाला. युगोस्लाव्हिया तटस्थ राहिला. ली यांनी सदस्य राष्ट्रांकडे सैन्याची मागणी केली. भारताने सैन्य न पाठवता ६० वे पॅराशूट वैद्यकीय पथक पाठवले.

सोव्हिएत संघाने हे कधीही विसरले नाही. ऑक्टोबर १९५० मध्ये ली यांच्या फेरनिवडीवर त्याने नकाराधिकार वापरला, तर अमेरिकेने ली यांच्याशिवाय अन्य कोणत्याही नावावर आपण नकाराधिकार वापरू असे जाहीर केले. सनदेनुसार सरचिटणीसाची नेमणूक परिषदेच्या शिफारशीवरून व्हायला हवी. शिफारस तर शक्य नव्हती. म्हणून १ नोव्हेंबर रोजी आमसभेने, ही नवी नेमणूक नसून आहे त्याच पदाची मुदतवाढ आहे असा अर्थ लावून, ४६ विरुद्ध ५ मतांनी त्यांना आणखी तीन वर्षे दिली. आठ राष्ट्रे तटस्थ राहिली. या व्यवस्थेचा कायदेशीर पाया कच्चा होता. फेब्रुवारी १९५१ पासून सोव्हिएत गटाने त्यांना सरचिटणीस मानणेच सोडले. पत्रे त्यांच्या नावे न येता ‘सचिवालय’ या नावे येऊ लागली. दोन्ही गटांमध्ये मध्यस्थी करणे हेच ज्या पदाचे प्रयोजन, त्या पदावरील माणसाशी एक गट बोलतच नव्हता.

सचिवालयातील चौकशा व राजीनामा

त्याच सुमारास अमेरिकेत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या नावाने ओळखले जाणारे कम्युनिस्टविरोधी वातावरण टोकाला पोहोचले होते. सचिवालयातील अमेरिकन कर्मचाऱ्यांची माहिती अमेरिकी परराष्ट्र खात्याकडून गुप्तपणे मिळवण्याची व्यवस्था १९४९ मध्येच झाली होती. सनदेच्या १०० व्या कलमानुसार कर्मचाऱ्यांनी कोणत्याही सरकारकडून आदेश घ्यायचे नसतात. त्या कलमाशी ही व्यवस्था जुळत नव्हती. १९५२ मध्ये सिनेटच्या उपसमितीने कर्मचाऱ्यांना साक्षीस बोलावले. काहींनी स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा अमेरिकी राज्यघटनेतील हक्क वापरून उत्तरे देण्याचे नाकारले. ली यांनी तीन कायदेपंडितांचा सल्ला घेतला आणि त्यानुसार अशा कर्मचाऱ्यांना कामावरून दूर केले. जानेवारी १९५३ मध्ये बोटांचे ठसे घेण्यासाठी अमेरिकी केंद्रीय तपास संस्थेच्या लोकांना मुख्यालयाच्या इमारतीत प्रवेशही दिला.

१० नोव्हेंबर १९५२ रोजी ली यांनी राजीनामा देण्याचा इरादा जाहीर केला. तीनच दिवसांनी त्यांचे निकटचे सहकारी व संघटनेचे प्रमुख कायदा अधिकारी अब्राहम फेलर यांनी आपल्या घराच्या खिडकीतून उडी घेऊन जीवन संपवले. चौकशीच्या दबावामुळे हे घडले असे ली यांनी जाहीरपणे म्हटले. बडतर्फ कर्मचाऱ्यांपैकी अनेकांनी संघटनेच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. १९५३ मध्ये ११ जणांच्या बाजूने भरपाईचे निर्णय लागले. ही भरपाई आमसभेला नाकारता येणार नाही, असे मत हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै १९५४ मध्ये दिले. कामगारांच्या सेवाशर्तींसाठी तेरा वर्षे झगडलेल्या वकिलाविरुद्ध त्याच्याच कर्मचाऱ्यांनी मिळवलेला हा विजय होता.

उत्तराधिकाऱ्याच्या शोधात सोव्हिएत संघाने विजयालक्ष्मी पंडित यांचे नाव पुढे केले, पण त्यांना पुरेशी मते मिळाली नाहीत. अखेर स्वीडनचे डाग हामरशोल्ड यांची निवड झाली. ९ एप्रिल १९५३ रोजी विमानतळावर त्यांचे स्वागत करताना ली यांनी हे पद म्हणजे जगातील सर्वांत अशक्य काम असल्याचे सांगितले. नोव्हेंबर १९५३ मध्ये हामरशोल्ड यांनी तपास संस्थेच्या लोकांना इमारतीबाहेर काढले.

उत्तरायुष्य

नॉर्वेत परतल्यावर ली यांनी आठवणी लिहिल्या. संयुक्त राष्ट्रांतील कारकिर्दीवरील त्यांचे पुस्तक १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. युद्धकाळावरील खंड त्यानंतर आले. १९५५ ते १९६३ या काळात ते ओस्लो व आकेर्शहुस या प्रांतांचे राज्यपाल होते. १९५९ मध्ये राजे पाचवे ओलाव यांच्या सूचनेवरून इथिओपिया व इटालियन सोमालीलँड यांच्या सीमावादात मध्यस्थी करण्याचे काम त्यांच्याकडे आले, पण तडजोड झाली नाही. स्वालबारमधील किंग्स बे कोळसा खाणीच्या दुर्घटनेनंतर उद्योगमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले, तेव्हा जुलै १९६३ मध्ये एइनार गेरहार्डसेन यांनी ली यांना त्या जागी घेतले. खाणीच्याच प्रश्नावर ऑगस्टमध्ये सरकार पडले आणि चार आठवड्यांनी परत सत्तेवर आले. जानेवारी १९६४ पासून ऑक्टोबर १९६५ मधील सत्तांतरापर्यंत ते व्यापारमंत्री होते.

सरचिटणीस म्हणून ली यांच्याविषयी इतिहासकारांचे मत हामरशोल्ड यांच्या तुलनेत नेहमीच कमी अनुकूल राहिले आहे. त्यांचे सहायक राहिलेले ब्रायन अर्कार्ट यांनी आपल्या आठवणींत त्यांना या पदाला न पेलणारे ठरवले आहे. हा निवाडा काहीसा कठोर वाटतो. हामरशोल्ड यांनी जे अधिकार कौशल्याने वापरले, त्यांपैकी काही ली यांनीच नियमांत आणून ठेवले होते.

३० डिसेंबर १९६८ रोजी गेइलो या डोंगराळ गावी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ओस्लोतील फुरुसेत येथील एका चौकाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.